ओलाव्याचा जमाखर्च

रब्बीची पेरणी जवळ आली म्हणजे देशावरचा जाणता शेतकरी सकाळींच शेतांत जातो, वीतभर माती उकरतो, तींतली मूठभर उचलून दाबतो आणि मूठ उघडून पाहतो. गोळा बोटांना चिकटला तर जमीन अजून ओली आहे. वळलाच नाहीं तर वेळ निघून गेली. आणि गोळा वळून अंगठ्याच्या एका दाबानें अलगद फुटला तर तो म्हणतो, 'वापसा आला.' या एका शब्दांत पुष्कळ ज्ञान सांठविलेलें आहे. मातीनें जें पाणी सोडावयाचें तें सोडलें, जें धरावयाचें तें धरलें, आणि मोकळ्या झालेल्या छिद्रांत हवा शिरली, असा तो समय होय. हीच गोष्ट आंकड्यांत सांगतां यावी म्हणून विज्ञानाला दीडशें वर्षांहून अधिक काळ खटपट करावी लागली, आणि ती खटपट आज पुरी झाली आहे असेंही म्हणवत नाहीं.

शेतकऱ्याची मूठ खोटी नव्हे. परंतु तिच्यांत एक उणीव आहे. ती दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. बारामतीच्या शेतकऱ्याची पारख बारामतीपुरती, आणि त्यांतही त्याच्या स्वतःच्या शेतापुरती असते. कालवा आंखणाऱ्याला, दुष्काळाचा अंदाज बांधणाऱ्याला, पावसाचें भाकीत करणाऱ्याला मात्र लाखों एकरांची ओल एकाच वेळीं कळावी लागते. तेथें मूठ चालत नाहीं, वही लागते. मातींतील पाण्याची ही वही कशी लिहिली गेली, तींत कोणाच्या जमिनीचीं खातीं उघडलीं गेलीं आणि कोणाचीं कोरीं राहिलीं, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या वहीचें एक जुनें पान आपल्याच प्रांतांत लिहिलें गेलें आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पेशवाईनंतर इंग्रज सरकारनें बसविलेली शेतसाऱ्याची पहिली आकारणी रयतेला झेपेना, तेव्हां १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनीं नव्यानें मोजणी सुरू केली. पुढें १८४७ सालीं डेव्हिडसन यांच्यासह त्यांनीं जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यांत जमिनीची प्रतवारी कशी करावी याचे नियम आहेत. त्या नियमांचें मर्म असें कीं, या देशांत जमिनीची सुपीकता मुख्यतः तिच्या पाणी शोषून धरून ठेवण्याच्या शक्तीवर अवलंबून आहे, आणि ती शक्ति मुख्यतः मातीच्या खोलीवर ठरते. म्हणून पावणेदोन हात खोलीच्या उत्तम काळ्या जमिनीला सोळा आणे मोल धरलें, आणि खोली जसजशी कमी तसतशी आण्यांत उतरती श्रेणी लावली. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, शेताचा उतार, पाणी न मुरणें, पाझरानें अति ओल होणें असे दोष आढळल्यास प्रत आणखी खालीं जाई. हेतु साऱ्याचा होता, शास्त्राचा नव्हता. मोजमापाचें साधन कुदळ व हात एवढेंच होतें. तरीही लक्षावधि शेतांतून खड्डे खणून ओलाव्याच्या दृष्टीनें जमिनीची नोंद करण्याचा हा उद्योग त्या काळीं असामान्यच म्हटला पाहिजे.

परंतु खोली म्हणजे पाणी नव्हे. माती पाणी किती जोरानें धरते व किती वेगानें पुढें जाऊं देते, या दोन प्रश्नांचें उत्तर हाताच्या मापानें मिळत नाहीं. त्यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें पहिलें निश्चित उत्तर फ्रान्समधील दिजाँ शहरीं मिळालें. तेथें १८०३ सालीं जन्मलेल्या आंरी दार्सी या इंजिनियरानें आपल्या गांवाला १८४० सालीं सुमारें बारा किलोमीटरांवरील झऱ्याचें निर्मळ पाणी बंद पाटानें आणून दिलें होतें. उतारवयांत प्रकृति खालावली असतां तो पुन्हां जन्मगांवीं आला, आणि १८५५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत तेथील इस्पितळाच्या आवारांत त्यानें वाळूनें भरलेल्या उभ्या लोखंडी नळांतून पाणी सोडून प्रयोग केले. पाणी गाळण्यासाठीं वाळूचा थर किती जाड असावा, हा त्याचा साधा व्यवहारी प्रश्न होता. त्याला आढळलें कीं, दोन टोंकांच्या पाण्याच्या पातळींतील फरक जितका अधिक तितका प्रवाह अधिक, थर जितका जाड तितका प्रवाह कमी, आणि या दोहोंचा हिशेब केल्यावर जो एक अंक उरतो तो त्या त्या वाळूचा स्वतःचा गुण असतो. हा नियम त्यानें १८५६ सालीं दिजाँच्या पाणीपुरवठ्यावरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टांत छापला, आणि दोन वर्षांतच तो वारला. तो उरलेला अंक म्हणजेच मातीची जलवाहकता होय.

दार्सीची वाळू पाण्यानें तुडुंब भरलेली होती. शेतांतली माती तशी क्वचितच असते. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें लॉज व गिल्बर्ट यांनीं १८७० सालीं न हलविलेल्या मातीचे वीस, चाळीस व साठ इंच खोलीचे तीन चौकोन भिंतींनीं वेगळे केले आणि त्यांतून झिरपणारें पाणी मोजावयास आरंभ केला. मातीला न उकरतां तिच्याखालीं छिद्रांचे लोखंडी पत्रे सरकविण्याची त्यांची युक्ति पाहिली म्हणजे त्या वृद्धांच्या चिकाटीचें कौतुक वाटतें. तरी पण हेंही झिरपलेल्या पाण्याचें माप होतें. मातींत राहिलेल्या पाण्याचा स्वभाव अद्याप कोणी ओळखला नव्हता.

तो ओळखण्याचें श्रेय एडगर बकिंगहॅम या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्याकडे जातें. १९०२ सालीं तो वॉशिंग्टनच्या मृदा-खात्यांत दाखल झाला, तेव्हां मातीच्या अभ्यासाशीं त्याचा संबंध नव्हता. आणि त्याचा मुख्य निबंध १९०७ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां तो खातें सोडून गेलाही होता. मधल्या अल्प काळांत त्यानें मातीचे उभे स्तंभ खालून पाण्यांत ठेवून, वरून बाष्प उडूं न देतां, आठवडेच्या आठवडे तसेच राहूं दिले आणि मग उंचीगणिक ओलावा मोजला. त्यावरून त्यानें दाखविलें कीं, अर्धवट ओल्या मातींत पाणी उताराच्या नव्हे तर ओढीच्या नियमानें चालतें. कणांमधील बारीक छिद्रें पाण्याला धरून ठेवतात. माती जितकी कोरडी तितकी ही ओढ तीव्र. दुसरें असें कीं, माती सुकूं लागली म्हणजे मोठीं छिद्रें आधीं रिकामीं होतात, पाण्याच्या वाटा तुटतात, आणि जलवाहकता हजारपट, लक्षपट उतरते. तात्पर्य, प्रत्येक मातीचीं दोन चित्रें असतात: किती ओढीस किती पाणी राहतें हें एक, आणि किती ओलीस किती वेगानें पाणी चालतें हें दुसरें. हीं दोन चित्रें हातीं आलीं कीं त्या मातीचा जमाखर्च मांडतां येतो.

पुढील चाळीस वर्षांत या चित्रांवर एकेक खूण उमटत गेली. ब्रिग्ज व शांट्झ यांनीं १९१२ सालीं असें दाखविलें कीं, झाड कोणतेंही असो, तें ज्या ओलीस कायमचें कोमेजतें ती बहुतांशीं मातीवर ठरते, झाडावर नव्हे. लोरेंझो रिचर्ड्स यानें १९३१ सालीं दार्सीचा नियम व बकिंगहॅमची ओढ यांना एका समीकरणांत गुंफलें. आजही मातींतील पाण्याचें गणित त्याच समीकरणानें होतें. रॉथॅमस्टेडच्या स्कोफील्डनें १९३५ सालीं ही ओढ मोजण्याची सुटसुटीत मोजपट्टी सुचविली.

मोजण्याची रीत मात्र आजही संथ आहे. ओल्या मातीचा नमुना सच्छिद्र थाळीवर ठेवून भांडें घट्ट बंद करावयाचें, हवेचा ठराविक दाब द्यावयाचा, पाणी ठिबकण्याचें थांबेपर्यंत वाट पाहावयाची, मग माती तोलून, भट्टींत १०५ अंशांवर सुकवून, पुन्हां तोलावयाची. एवढ्या खटाटोपानें चित्रावरचा एक ठिपका मिळतो. असे सात-आठ ठिपके मिळेपर्यंत कित्येक आठवडे जातात. एका शेतांत दहा प्रकारची माती असूं शकते हें लक्षांत घेतलें म्हणजे साऱ्या जगाची माती अशी मोजणें कोणाच्याही आटोक्यांतलें नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको.

न मोजल्याचें मोल काय पडतें, तें मात्र महाराष्ट्रानें प्रत्यक्ष पाहिलें आहे. १८७६-७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. ज्या भागांत पाण्यावांचून माणसें मेलीं तेथें बारमाही पाणी आलें, ऊस उभा राहिला. पाणी किती येईल याचा हिशेब झाला होता. आलेलें पाणी जमीन पुढें किती जाऊं देईल, याचा झाला नव्हता. खोल चिकण मातींतून पाणी फार सावकाश निचरतें. भरल्यावर भर पडत गेली, भूगर्भांतील पातळी वर आली, बारीक छिद्रांतून पाणी पृष्ठभागीं चढूं लागलें, उन्हानें तें उडून गेलें आणि मागें क्षार राहिले. त्यांतील सोडियमनें मातीचे कण विस्कटून छिद्रें बुजविलीं, आणि सोळा आण्यांची जमीन खारवट व चोपण झाली. मॅन व तम्हाणे यांनीं १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पुढें १९३२ सालीं पाडेगांव येथें ऊस-संशोधन केंद्र निघालें, आणि बसू व सिरूर यांनीं १९३८ सालीं नीरेचा उजवा कालवा व प्रवरा कालवा यांखालील जमिनींचें, खड्डे खणून थरवार तपासलेलें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. विंगेटची प्रतवारी साऱ्यासाठीं होती, ही पाण्यासाठीं होती. दोहोंमध्यें जवळजवळ एक शतक गेलें, आणि त्या शतकांत कित्येक कुटुंबांच्या जमिनी गेल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर गणकयंत्रें आलीं आणि रिचर्ड्सचें समीकरण सोडविणें सोपें झालें. आतां उणीव राहिली ती केवळ आंकड्यांची. म्हणून मोजलेले नमुने एकत्र करून त्यांवरून न मोजलेल्यांचा अंदाज बांधावा, असा विचार पुढें आला. १९६८ सालीं होल्टन व सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील प्रायोगिक पाणलोटांच्या नोंदी एकत्र छापल्या. १९७८ सालीं क्लॅप व हॉर्नबर्गर यांनीं त्यांवरून मातीच्या पोतवार सरासऱ्या काढल्या. १९८० सालीं व्हान गेनुख्टेन यानें ओलीचें चित्र थोड्याच अंकांत सांगणारें सूत्र दिलें. १९८८ सालीं कार्सेल व पॅरिश यांनीं अमेरिकन नोंदींवरून बारा पोतांचें कोष्टक तयार केलें. त्यांत पाण्यानें भरलेल्या वाळूची वाहकता दिवसाला सुमारें ७१३ सेंटीमीटर आणि चिकण मातीची सुमारें ४.८ सेंटीमीटर दिली आहे. पुढच्याच वर्षीं डच संशोधक बाउमा यानें, आपल्याजवळ असलेल्या माहितीवरून आपल्याला हव्या असलेल्या माहितीकडे नेणाऱ्या अशा सूत्रांना एक नांव दिलें; मराठींत त्यांस 'मृद्-रूपांतर-सूत्रें' म्हणतां येईल. वाळू, गाळ व चिकण यांचें शेंकडा प्रमाण घाला, ओलीचें चित्र घ्या, अशी ही सोय होती.

संग्रहही वाढले. कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथील प्रयोगशाळेंतून १९९६ सालीं ७९० नमुन्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. युरोपांतील बारा देशांतील वीस संस्थांनीं मिळून ५,५२१ थरांच्या नोंदी एकत्र केल्या व १९९९ सालीं त्यांवरील सूत्रें छापलीं. परंतु त्यांपैकीं ४,०३० नोंदीच सूत्रांच्या कामीं आल्या. उरलेल्या कां आल्या नाहींत, हें पाहण्यासारखें आहे. निरनिराळ्या ठिकाणीं निरनिराळ्या रीतींनीं मोजलेलें एका वहींत लिहावयाचें म्हणजे प्रथम भाषा एक करावी लागते. एका देशांत ०.०५ मिलिमीटरपर्यंतच्या कणास गाळ म्हणतात, दुसऱ्यांत ०.०६३ पर्यंतच्या, आणि जुन्या आंतरराष्ट्रीय पद्धतींत, जी आपल्याकडेही रूढ होती, गाळाची सीमा ०.०२ वरच संपते. म्हणजे ०.०३ मिलिमीटरचा तोच कण वॉशिंग्टनांत गाळ आणि पुण्याच्या जुन्या नोंदींत बारीक वाळू! वापशाच्या ओलीचेंही तसेंच. अमेरिकेंत ती एक-तृतीयांश वातावरणाच्या ओढीस मोजतात, इंग्लंडांत त्याहून पुष्कळ कमी ओढीस. ज्यानें मोजतांना आपली रीत लिहून ठेविली नाहीं, त्याची सारी मेहनत पुढच्या पिढीला निरुपयोगी ठरते.

याहून गंभीर दोष निराळा आहे. या वह्यांतील बहुतेक खातीं समशीतोष्ण देशांचीं आहेत. आणि हीं कोष्टकें जगभर, हवामानाच्या गणितांतसुद्धां, वापरलीं गेलीं. चिकण म्हणजे चिकण, मग ती आयोवाची असो कीं सोलापुरची, असें त्यांत गृहीत आहे. हें गृहीत खरें नाहीं. हॉडनेट व टोमासेला यांनीं २००२ सालीं उष्ण कटिबंधांतील नोंदी स्वतंत्र तपासल्या, तेव्हां समशीतोष्ण मातीशीं त्यांचा ठळक फरक दिसून आला. उष्ण प्रदेशांतील कित्येक तांबड्या मातींत चिकण भरपूर असूनही कणांच्या घट्ट बारीक गोळ्या बनतात. त्यामुळें पाऊस पडतांच ती वाळूप्रमाणें निचरते. आमची काळी माती नेमकी उलट. तिच्यांतील चिकण पाण्यानें फुगणाऱ्या जातीची आहे. उन्हाळ्यांत तिला हातभर खोल भेगा पडतात व पहिल्या पावसाचें पाणी त्यांतून थेट खालीं उतरतें; मग ती फुगून भेगा मिटतात आणि त्याच जमिनींतून पाणी मुरेनासें होतें. एकाच शेताची वाहकता मृगांत एक आणि उत्तरेंत दुसरी! कोष्टकांतला ४.८ हा अंक या दोहोंपैकीं कोणाचा? भेगांच्या मधोमध मावेल एवढ्या लहान डबींत घेतलेल्या नमुन्याला तर भेगेची वार्ताही नसते.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. सोलापूर भागांतील रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पाऊस मिळेलच असा भरंवसा नसतो. ती बहुतांशीं जमिनींत सांठलेल्या ओलीवर पोसते. खोल काळ्या जमिनींत, एक मीटर खोलीला, पिकास घेतां येईल असें पाणी सर्वसाधारणपणें पंधरा ते वीस सेंटीमीटर मावतें, आणि मुरमाड उथळ जमिनींत त्याचा लहानसा अंशच. या सांठ्याचा अंदाज चार-पांच सेंटीमीटरांनीं चुकला तरी कणसें भरणें न भरणें त्यावर ठरतें. विम्याची भरपाई, टंचाईची घोषणा, कालव्याच्या पाळ्या यांचे निर्णय आतां अधिकाधिक गणितावर होत आहेत. गणित चुकलें तर तें कागदावर दिसत नाहीं. तें शेतांत दिसतें, आणि तेंही सुधारण्याची वेळ निघून गेल्यावर.

समाधानाची गोष्ट अशी कीं, नागपूर येथें १९७६ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा-सर्वेक्षण संस्थेंतील व इतरत्रच्या भारतीय संशोधकांनीं काळ्या जमिनींकरितां स्वतंत्र सूत्रें मांडण्यास आरंभ केला आहे. परंतु सूत्राला नमुन्यांचा आधार लागतो, आणि नमुना घेणें हें काम मानाचें समजलें जात नाहीं. नवें सूत्र काढणाऱ्याचें नांव होतें. मे महिन्याच्या उन्हांत खड्ड्यांत उतरून थर मोजणाऱ्याचें होत नाहीं. जुन्या प्रयोगक्षेत्रांच्या वह्या कपाटांतून वाळवीच्या तोंडीं जाऊं न देतां रीतीसह उतरून घेतल्या, तरी पुष्कळ काम होईल.

आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं गांवाकडील जमिनीचा सात-बाराचा उतारा असेल. त्यावर क्षेत्र आहे, आकार आहे, पीक आहे, कोणाचा बोजा आहे तोही आहे. ही जमीन पाणी किती धरते, हें त्यावर कोठेंही नाहीं. जो आकार आपण त्यावर वाचतों, त्याचें मूळ विंगेटच्या माणसांनीं खणलेल्या खड्ड्यांत आहे. आणि तो खड्डा तर ओलाव्यासाठींच खणला होता. सारा ठरल्यावर खड्डा बुजला आणि ओलावा नोंदींतून गळाला. पुढच्या खेपेस गांवीं जाणें झालें तर तो उतारा खिशांत ठेवून, शेत कसणाऱ्या वृद्धाला एवढेंच विचारावें कीं, या शेताला वापसा पावसानंतर कितव्या दिवशीं येतो. तो जें सांगेल तें तारखेसह लिहून ठेवावें.